मांडीवरचे लेकरू, गाडीतली खुर्ची

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारची संध्याकाळ. अकोल्याहून लेक, जावई आणि आमचा दीड वर्षाचा नातू अमरावतीला आले. नवी गाडी घेतल्यानंतरची त्यांची ही पहिलीच फेरी. आजीने औक्षणाचे ताट तयार ठेवले होते, गाडीसाठी वेगळा नारळही होता. पण लेकीचा चेहरा उतरलेला दिसला. चहाचा कप हातात घेता घेता ती म्हणाली, "बाबा, परत जाताना याला मांडीवर घेऊन मी जाणार नाही. उद्या याच्यासाठी गाडीतली खुर्ची घ्यायची."

झाले होते असे. कुरुमच्या अलीकडे समोरचा ट्रक एकाएकी थांबला. जावयांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी वेळेत थांबली, कुठे काही लागले नाही; पण मांडीवर पेंगत असलेले बाळ सरकून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळता आदळता राहिले. लेकीने त्याला कसेबसे दंडाला धरून मागे ओढले. दंडावर तिच्या बोटांचे वळ अजून होते.

आमच्या घरात खुर्ची या शब्दाचे स्वागत काही फार चांगले झाले नाही. आजी म्हणाली, "अगं बाई, लेकराला मांडीपेक्षा मोठी खुर्ची कोणती? आम्ही काय तुम्हाला खुर्च्यांत बांधून वाढवलं?" खरे सांगायचे तर माझेही मत तेच होते. वर खर्चाचा विचार. दोन-अडीच वर्षांत बाळ मोठे होणार, मग ती खुर्ची माळ्यावर धूळ खात पडणार!

लेकीने वाद घातला नाही. तिने फक्त डाव्या भुवईवरचे केस बाजूला केले आणि आईकडे पाहिले. त्या भुवईत एक पांढुरकी रेघ आहे. चार टाक्यांची.

कडुनिंबाचे झाड

ती रेघ १९९३ सालची. त्या वेळी हा महामार्ग सहा क्रमांकाचा होता, दुपदरी, दोन्ही अंगांना कडुनिंबाची मोठाली झाडे. लग्नासाठी आम्ही अकोल्याला निघालो होतो. एका स्नेह्याची प्रीमियर पद्मिनी मागून आणलेली. मी चालवीत होतो, शेजारी पत्नी आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांची ही लेक. तेव्हा जुन्या गाड्यांना पट्टे नसायचेच. पुढच्या सीटचे पट्टे नव्या गाड्यांना सक्तीचे झाले ते १९९४ पासून.

मूर्तिजापूरच्या पुढे एक बैलगाडी शेतरस्त्याने सरळ महामार्गावर आली. मी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे घेतली आणि कच्च्या कडेवरून घसरत आम्ही झाडाच्या बुंध्यावर आदळलो. वेग तोवर बराच उतरला होता, तीसच्या आसपास असावा. गाडीचे नाक चेपले. मला काही झाले नाही. पण लेक आईच्या हातांतून सुटून डॅशबोर्डवर आपटली. भुवई फाटली. मूर्तिजापूरला टाके घातले, आणि लग्न तसेच राहिले.

"थोडक्यात निभावले" असे सगळ्यांनी म्हटले. तसे ते निभावलेही. मात्र एक गोष्ट आमच्या घरात गेली तीस-बत्तीस वर्षे कोणी बोलली नाही. त्या दिवशी दवाखान्यात एका नातेवाईक बाईंनी पत्नीला विचारले होते, "घट्ट धरलं नव्हतंस का गं?" प्रश्न साधाच होता. पण तो तिच्या मनात रुतून बसला. त्यानंतर लेकरू कुणाचेही असो, गाडीत मांडीवर घेतले की ती त्याला इतके आवळून धरायची की ते रडायला लागायचे. मला वाटायचे, हौस आहे. ती हौस नव्हती.

कॅलेंडरच्या मागचे गणित

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. गती, संवेग, जडत्व हे धडे किती वर्षे शिकवले याची मोजदाद नाही. पण शिकवलेले आपल्याच घरात वापरायचे असते हे सुचले त्या रात्री. गेल्या महिन्याचे कॅलेंडर उलटे करून मी गणित मांडले.

ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण सव्वाआठ मीटर. झाडावर आदळलेली गाडी थांबायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरू. गाडी थांबते; मांडीवरचे लेकरू मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते, कारण त्याला थांबवणारे काहीच नसते. असतात ते फक्त आईचे दोन हात. त्या वेळी लेकीचे वजन होते अकरा किलो. तिला त्या क्षणात थांबवून धरायला हातांनी लावायला हवा होता नव्वद किलोहून जास्त वजनाइतका जोर. आपल्या वऱ्हाडी भाषेत सांगायचे तर तुरीचे जवळजवळ क्विंटलभराचे पोते, कसलीही सूचना न देता, डोळ्याची पापणी लवायच्या आत हातांवर येऊन पडले असते. आणि हेच ताशी पन्नास किलोमीटरला असते तर? दीडशे किलोच्या वर. बाजार समितीतला तरणाबांड हमालही ते झेलू शकणार नाही.

मी कॅलेंडर पत्नीसमोर ठेवले आणि म्हणालो, "हे पाहा. तू घट्टच धरलं होतंस. कोणीच धरू शकलं नसतं. माझे हातही नाही."

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ती उठली, लेकीच्या खोलीच्या दारात गेली आणि म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं दुकानात?"

मांडीची सवलत

आपणच तेवढे मांडीचे भक्त आहोत असे मात्र नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. गाडीच्या अपघातांत दगावणारी मुले पाहून त्यांनी मुलांच्या खुर्चीसाठी कायदा व्हावा म्हणून आमदारांची दारे ठोठावली. १९७७ मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. जगाला वाट दाखवणारा असा हा कायदा. पण त्यात एक सवलत घुसली होती. मोठ्या माणसाने लेकराला हातांत धरले असेल तर खुर्ची नसली तरी चालेल! डॉक्टरांच्या बाजूच्या लोकांनी त्या सवलतीला नाव ठेवले, 'लेकरू चिरडणारी दुरुस्ती'. नाव कठोर आहे, पण खोटे नाही. कारण पट्टा न लावलेले मोठे माणूस पुढे फेकले गेले की लेकरू त्याच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडते. १९८१ मध्ये ती सवलत काढून टाकण्यात आली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

आई आणि बाळ दोघांना मिळून एकच पट्टा लावणे, हीसुद्धा आपल्याकडची लाडकी युक्ती. ती तर याहून वाईट. आईच्या साठ किलोंचा भार आणि पट्टा यांच्या मध्ये बाळ येते.

आमच्या गल्लीतल्या एक बाई सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला राहून आल्या. तिथे त्या रोज नातीला खुर्चीत बसवून, पट्टे लावून नेत. इथे आल्यावर मात्र नातू मांडीवर! मी विचारले तर हसून म्हणाल्या, "तिथं दंड होते ना सर, इथं कोण पाहून राह्यलं?" पाहणारे कोणी नसेल, पण कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने सुरक्षित केलेले नसेल तर एक हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. आणि दंडाचे सोडा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसले की भीती नाही, हा आपला समज त्या दिवशी साऱ्या देशासमोर खोटा ठरला.

दुकानात

रविवारी सकाळी आम्ही सगळे राजकमल चौकाच्या बाजूला खरेदीला निघालो. पहिल्या दुकानात दुकानदाराने कापडी पट्ट्यांची एक झोळीवजा वस्तू दाखवली. "काका, हे सीटवर टाका, पोराला अडकवा. झालं काम. स्वस्तात." जावयांनी ती उलटसुलट करून पाहिली. कुठेही मानकाची चिठ्ठी नव्हती. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या दुकानात चार प्रकारच्या खुर्च्या होत्या. दुकानदाराने सगळ्यांत मोठी पुढे केली. "ही घ्या सर. नऊ किलोपासून छत्तीस किलोपर्यंत चालते. एकदा घेतली की दहा वर्षं पाहणं नाही." माझ्यासारख्या मास्तरला हा हिशेब लगेच पटला. पण लेक म्हणाली, "बाबा, ही फक्त पुढे तोंड करून बसवायची आहे. आपल्याला मागे तोंड असलेली हवी."

इथे थोडे थांबून हे उलटे बसवण्याचे प्रकरण सांगितले पाहिजे, कारण सगळ्यांचा आक्षेप तिथेच असतो. जन्मलेल्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने भारी आणि मान कोवळी. मणक्याची हाडे अजून पुरती जुळलेली नसतात. पुढे तोंड करून बसवलेल्या लेकराचे खांदे टक्कर होताच पट्ट्यांनी अडतात, पण डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ तिन्ही एकदम खुर्चीच्या पाठीत रुततात. मार तळहातावर झेलावा तसा सगळीकडे वाटला जातो. स्वीडनचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांच्या आसनांवरून. अग्निबाण सुटताना अंतराळवीर पाठीवर पडून असतात, तसेच लेकरालाही पाठीवरच झेलायचे. १९६४ मध्ये त्यांनी अशा खुर्चीचा पहिला नमुना तपासून पाहिला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितले की खुर्चीची वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत, जितके दिवस जमेल तितके दिवस, मुलाला मागे तोंड करूनच बसवावे.

"पण पाय दुमडतात ना त्याचे?" आजीने विचारले. लेक म्हणाली, "आई, तो दिवसभर मांडी घालूनच तर बसतो." आजी हसली. प्रश्न मिटला.

शेवटी आम्ही घेतली ती शून्य ते अठरा किलोची. बाळाचे वजन साडेदहा किलो. तेरा किलोपर्यंत ती मागे तोंड करून वापरायची, नंतर पुढे. खुर्ची घेताना जावयांनी काय काय पाहिले ते वाचकांच्या उपयोगाचे म्हणून लिहितो. एक, वजनाचा गट. वयावर जाऊ नये; दीड वर्षाचे एक मूल नऊ किलोचे असते, दुसरे तेराचे. दोन, मानकाची चिठ्ठी. युरोपीय मानकाच्या नारिंगी चिठ्ठीवर वर्तुळात 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो. जुने मानक आर-४४, त्याच्यापुढचे आर-१२९. आपल्या देशाचे मानक आहे एआयएस-०७२. तीन, आपल्या गाडीत ती बसते का. काही गाड्यांचा मागचा पट्टा लांबीला कमी पडतो आणि उलट्या खुर्चीभोवती पुरतच नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानासमोर गाडी उभी करून खुर्ची प्रत्यक्ष बसवून पाहिली. दुकानदार कुरकुरला, पण त्याने ते करू दिले.

बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात. तिला आयसोफिक्स म्हणतात. तशी खुर्ची असेल तर तिचे दोन पाय त्या कड्यांत खटकन बसतात आणि चूक होण्याचा संभव कमी होतो. ती महाग पडते. पट्ट्याने बसणारी खुर्चीही नीट बसवली तर काम चोख करते.

पुण्याच्या पुतणीने तिची जुनी खुर्ची फुकट द्यायची तयारी दाखवली होती. आपल्याकडे पाळणा घरोघर फिरतो, तशी खुर्चीही फिरायला हरकत नाही. अट एवढीच की ती अपघातातून गेलेली नसावी, तिच्यावरची उत्पादनाची तारीख आणि मुदत वाचता यावी, पट्टे आणि पुस्तिका जागेवर असावी. पुतणीच्या खुर्चीवरची चिठ्ठी तिच्या बाळाने केव्हाच फाडून खाल्ली होती. तेव्हा तो विचार सोडला.

अंगणातला प्रयोग

खुर्ची घेणे सोपे, बसवणे कठीण. आमच्या अंगणात कडुनिंबाच्या सावलीत गाडी उभी करून आम्ही तिघे कामाला लागलो. पुस्तिका इंग्रजीत, चित्रे नखाएवढी. लेक वाचायची, जावई वाकायचे, मी टॉर्च धरायचा. कुंपणापलीकडून शेजारी डोकावले.

"काहून इतकी मगजमारी करून राह्यले सर?"

"नातवाची खुर्ची बसवतोय."

"आन उलटी काहून? पोट्ट्याले रस्ता कसा दिसन?"

"रस्ता त्याच्या बापाने पाहायचा आहे," मी म्हटले. शेजाऱ्यांना ते पटले असावे, कारण ते कुंपण ओलांडून मदतीलाच आले. आणि त्यांची मदत मोलाची ठरली, कारण त्यांचे वजन पंच्याण्णव किलो आहे!

पहिल्या प्रयत्नात आमच्या तीन चुका झाल्या. पट्टा ओवायच्या खुणा दोन रंगांच्या असतात. निळ्या मागे तोंड करून बसवण्यासाठी, लाल पुढे तोंड करण्यासाठी. आम्ही पट्टा लालमधून ओवला होता. दुसरी चूक, पट्टा लावला पण ओढला नाही. खुर्ची तळाशी धरून हलवली तर वीतभर डुलायची. नियम असा की पट्टा जातो त्या जागी धरून हलवले तर ती इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. मग शेजाऱ्यांनी खुर्चीवर आपला गुडघा रोवला, सारा भार टाकला आणि जावयांनी पट्ट्याचा सैलपणा ओढून काढला. खुर्ची रुतली ती हलेना. तिसरी चूक बाळाच्या पट्ट्यांची. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेतून किंवा किंचित खालून यायला हवेत. आमचे कानाजवळून येत होते. पुढे तोंड केल्यावर याच्या उलट, रेषेत किंवा किंचित वर. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ चिमूट घेऊन पाहायचे. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे. पट्ट्याला पीळ नको, आत जाड स्वेटर किंवा दुपटे नको.

जागा कोणती? मागची सीट, आणि आपल्याकडे शक्यतो डावी बाजू, म्हणजे बाळाला फुटपाथकडून उतरवता येते. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी खुर्ची कधीही ठेवायची नाही. टक्कर झाली की ती पिशवी एका क्षणात फुगते आणि बाळाच्या डोक्यामागच्या खुर्चीवरच आदळते. मोठ्यांचा जीव वाचवणारी वस्तू तिथे लेकराच्या जिवावर उठते.

अडीच तास लागले. दुसऱ्यांदा काढून बसवली तेव्हा वीस मिनिटे, तिसऱ्यांदा दहा. ही तालीम सगळ्यांनीच करावी. गाडी धुवायला खुर्ची काढली की पुन्हा बसवावी लागतेच, आणि त्या वेळी शेजारी घरी असतील याचा नेम नाही.

गाडीला किती 'तारे' आहेत हे आता लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आणि तीत मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण ठेवले आहेत. चांगलेच झाले. पण एक गोष्ट विसरू नये. त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढ्या बाहुल्या खुर्चीत, पट्टे लावून बसवलेल्या असतात. ते तारे त्या बाहुल्यांनी मिळवलेले आहेत. मांडीवर बसलेल्या लेकराचा त्यांत काही वाटा नाही.

ऊन आणि दुचाकी

आपल्या वऱ्हाडातली खुर्ची आणि स्वीडनमधली खुर्ची यांत एक फरक राहणारच. तो म्हणजे ऊन. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेला होता. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बकल हाताला चटका देते, मग लेकराच्या पोटाला का देणार नाही? आम्ही खुर्चीवर पांढरा सुती दुपट्टा टाकून ठेवतो, आधी दारे उघडून गाडी गार होऊ देतो आणि बकल आपल्या हाताला लावून पाहिल्यावरच बाळाला बसवतो. बाळ झोपलेय म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" म्हणत दुकानात शिरणे तर कधीच नाही.

गाडी सगळ्यांकडे नसते हेही खरे. आमच्या गल्लीतली निम्मी लेकरे अजून दुचाकीवर, आई-बाबांच्या मध्ये दाबून बसून शाळेत जातात. त्यांच्यासाठीही केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, डोक्याला बसेल असे हेल्मेट आणि वेग ताशी चाळीसच्या आत. हा पट्टा खुर्चीच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतो. खुर्ची परवडत नाही म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे.

लेकराला बांधायचे म्हटले की आपल्या जिवाला कसेसेच होते. पण आपल्या आया-आज्यांनी काय केले? कापूस वेचायला गेलेल्या बाईने लेकरू झोळीत घालून कडुनिंबाला टांगले, दुपट्यात घट्ट गुंडाळले, डोक्याला कुंची बांधली. बांधण्यात माया असते हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको. फक्त तेव्हा बैलगाडी होती, आता वेग आला आहे. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो.

अमरावती ते अकोला

सोमवारी पहाटे निघालो. मी आणि पत्नीही त्यांना सोडायला बरोबर. बाळाला खुर्चीत ठेवले, पट्टे आवळले आणि त्याने जो टाहो फोडला तो बडनेरा ओलांडेपर्यंत! आजी शेजारी बसली होती. तिचे दोन्ही हात सारखे बकलाकडे जायचे आणि मागे यायचे. लेक पुढून म्हणाली, "आई, काढू नकोस. फार झालं तर गाडी थांबवू, पण चालत्या गाडीत काढायचं नाही." लोणीला खरोखरच थांबलो. बाळाला खाली उतरवले, दूध पाजले, कडेवर घेऊन दोन फेऱ्या मारल्या. पुन्हा बसवले तेव्हा रडणे पाच मिनिटांवर आले. मग आजीने ओवीच्या चालीवर काहीबाही गुणगुणायला सुरुवात केली, आणि तिचे बोट मुठीत धरून बाळ झोपले.

लोणी ते माना हा तोच रस्ता, जिथे २०२२ च्या जूनमध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. रस्ता आता खरोखर तुळतुळीत आहे. पूर्वी खड्डेच आपला वेग सांभाळत. आता तो आपला आपणच सांभाळायचा. समृद्धी महामार्गावर तर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. कारंज्याच्या बाजूने तिथे चढणाऱ्या अकोल्याच्या कितीतरी गाड्यांत मागे मांडीवर लेकरू दिसते आणि माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचे आकडे नाचू लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशा खुर्च्यांमुळे मुलांचे अपघाती मृत्यू साठ टक्क्यांनी कमी होऊ शकतात. दहातले सहा. ही सहा घरे आपल्याच ओळखीची असतात.

मूर्तिजापूर आले. एके काळी शकुंतला जिथून सुटायची ते गाव. त्याच्या पुढे ती जागा येते. रुंदीकरणात ते झाड केव्हाच गेले. तरी आम्हा दोघांना जागा बरोबर कळते. दर वेळी तिथे पत्नी डोळे मिटून घेते. या वेळी मी आरशात पाहिले. तिचे डोळे उघडे होते. ती बाळाकडे पाहत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर मोकळे, सैल पडलेले होते. एका हाताचे बोट तेवढे त्याच्या मुठीत.

अकोल्याला उतरल्यावर ती मला म्हणाली, "हात दुखले नाहीत हो आज."

आता त्यांच्या घरी एक गंमत चालते. बाळ गाडीत बसले की स्वतःच पट्टा ओढून "तिक, तिक" म्हणते. बकलाचा आवाज झाल्याशिवाय बापाला गाडी सुरू करू देत नाही. परवा तर शेजारच्या काकूंनी त्याला लाडाने मांडीवर घेऊ म्हटले, तर त्याने खुर्चीकडे बोट दाखवले. ज्या खुर्चीसाठी आम्ही म्हाताऱ्यांनी एवढे आढेवेढे घेतले, ती त्याने महिनाभरात आपली केली.

मांडी तिच्या जागी आहेच. घरी पोहोचल्यावर, ओसरीवर, गोष्ट सांगताना. तिथे तिला तोड नाही. पण गाडीचे चाक फिरू लागले की लेकराची जागा खुर्चीत. एवढे साधे गणित मला तेहतीस वर्षे विज्ञान शिकवूनही उमगले नव्हते. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये, म्हणून हा लेखप्रपंच.